काकूंचा गट नंबर एक

काका कुणालाही आडनाव विचारायचे नाहीत. चतुःसीमा विचारायचे.

मी सिडकोत भाड्याची खोली शोधत फिरत होते तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी आधीच्या तीन घरांत माझं आडनाव विचारून झालं होतं, आणि तिन्ही ठिकाणी खोली "अहो, कालच दिली" निघाली होती. चौथ्या दारात एक उंच, वाळलेला म्हातारा उभा. अंगात बंडी, गळ्यात सुतळीनं अडकवलेलं भिंग. त्यानं नुसतं विचारलं, "गाव?"

"सिल्लोडच्या अलीकडं."

"घराची चतुःसीमा सांग."

मला वाटलं, हाकलून द्यायचा हा नवीनच प्रकार दिसतोय. डोकं आधीच तापलेलं होतं. मी घडाघडा सांगून टाकलं, "पूर्वेला बुद्धविहार, दक्षिणेला मामाचं घर, उत्तरेला कापसाचं जिनिंग, पश्चिमेला रस्ता. झालं समाधान?"

काकांनी डोळे मिटले. ओठ हलवत त्यांनी बहुतेक मनातल्या मनात नकाशा काढला. मग म्हणाले, "पश्चिमेला रस्ता आहे. म्हणजे वहिवाटीचं भांडण नाही. बेस झालं. वर जाऊन खोली बघून घे. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, टाकी भरून ठेवत जा."

एवढीच माझी मुलाखत. त्या खोलीत मी पुढं चार वर्षं राहिले.

काका मोजणीदार होते, म्हणजे जमिनीची सरकारी मोजणी करणारे. उभी नोकरी त्यांनी साखळी आणि टिपणवही घेऊन लोकांच्या बांधांवर काढली. जागेवर जे दिसेल, जे भरेल, ते तिथल्या तिथं उभ्यानं लिहून काढायचं, ती टिपणवही. रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांची वही काही सुटली नव्हती. माझ्या जिन्याच्या पायऱ्या, गॅसची टाकी लावल्याची तारीख, गल्लीच्या तोंडापासून बसथांब्यापर्यंतची पावलं, सगळं त्या वहीत. आणि प्रत्येक आकडा दोनदा लिहायचा, एकदा अंकी आणि एकदा अक्षरी. इस्त्रीला कपडे दिले तरी चिठ्ठीवर "शर्ट ५, अक्षरी पाच."

कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले चाचा ती चिठ्ठी वाचून हसायचे. "साब, पाँच को मैं पाँचइच पढ़ूँगा ना."

"आज पढ़ते," काका म्हणायचे. "कल कागज भीग गया तो?"

मलाही ते ऊठसूट ऐकवायचे, "डोक्यात ठेवू नको बेटा, कागदावर ठेव." मी म्हणायची, "काका, आता कागद कोण ठेवतं? सगळं कॉम्प्युटरमधी असतं." मी एका खाजगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. त्यामुळं या विषयात मला स्वतःबद्दल जरा जास्तच खात्री होती.

त्यांच्याकडं लांबलांबून माणसं यायची. मराठवाड्यातले निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद उर्दूत असतात, आणि ते गडबडीतलं कारकुनी उर्दू वाचणारी माणसं आता शोधावी लागतात. काकांना नोकरीत ते वाचायची सवय लागली होती. ओट्यावर सतरंजी टाकून बसायचे, भिंग डोळ्याला लावायचे, आधी उर्दूत खणखणीत वाचायचे, मग मराठीत. समोरचा शेतकरी हात जोडून ऐकत राहायचा. पण मी राहायला गेले तेव्हा काकांच्या नजरेचा मधला भाग धूसर व्हायला लागला होता. भिंग कागदाच्या जवळ नेता नेता नाक टेकायचं. एकदा एका माणसाला त्यांनी "हे मला लागत नाही, बाबा" असं सांगितलं आणि तो दिवसभर ते जेवले नाहीत.

आता काकू. काकू सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होत्या. काकांपेक्षा वेगळी कचेरी, पण तीस वर्षं भरलेली. नाकीडोळी नीटस, बोलायला मऊ, आणि डोक्यातलं एकेक करत सगळं निघून चाललेलं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही. मुलाचं लग्न झालंय हे आठवायचं नाही. आणि कधी कधी काका चहाचा कप घेऊन समोर आले की त्या पदर सावरून म्हणायच्या, "तुम्ही कोण? आमच्या घरी आत्ता कुणी नाही."

काका कप ठेवायचे आणि बाहेर येऊन बसायचे.

पण अकरा वाजले की काकू ऑफिसला जायच्या, रविवारीसुद्धा. ऑफिस म्हणजे बाहेरच्या खोलीतलं कोपऱ्यातलं टेबल आणि त्यावरचा मुलाचा जुना कॉम्प्युटर. इस्त्रीची साडी, खांद्याला पिन, हातात पर्स, आणि स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत पंधरा पावलं (अक्षरी पंधरा, काकांनी मोजलेली). बटण दाबायच्या. पडद्यावर मुलाचा लहानपणचा फोटो यायचा. वेरूळच्या लेण्यांसमोर उन्हानं डोळे बारीक केलेलं सात वर्षांचं पोर. त्याच्या डाव्या कानाजवळ टायपिंगचं चित्र. काकू तिथं बाण नेऊन दोनदा टिचकी मारायच्या आणि बोटं सुरू. ते टायपिंगही जुनं, जुन्याच विंडोजवर चालणारं. टाईपरायटरवर शिकलेल्या बोटांना तीच अक्षरं त्याच जागी लागायची. चूक नाही, खाडाखोड नाही. एक वाजेपर्यंत त्या टाईप करायच्या, छापायच्या आणि ट्रेमध्ये ठेवायच्या.

मजकूर काका द्यायचे, आणि छापून झाल्यावर खाली सहीही तेच करायचे. रोज सकाळी बसून एका न होणाऱ्या मोजणीच्या नोटिशीचा मसुदा मोठ्या अक्षरात लिहायचे. अकराला शर्टाची गुंडी लावून टेबलाशी यायचे. "बाई, हे अर्जंट आहे."

काकू वर बघायच्या आणि त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की मी जिन्यात थांबून बघत राहायची. "या साहेब. बसा ना."

सगळ्या दिवसात काकू काकांना ओळखायच्या अशी तेवढीच खात्रीची वेळ होती. घरात भरवसा नाही, ऑफिसात रोज. काका मला एकदा म्हणाले, "मी वर्ग तीनचा माणूस. जन्मात मला कुणी साहेब म्हटलं नाही. आता बायको म्हणते." आणि हसता हसता त्यांनी चष्मा पुसला.

मला काकूंनी पहिल्याच आठवड्यात नवीन कारकून ठरवलं होतं. "जॉइनिंग रिपोर्ट दिला का?" रोज विचारायच्या. शेवटी मी एक लिहून दिला. त्यांनी तो फाईलला लावला तेव्हा कुठं माझी सुटका झाली.

तर हा कॉम्प्युटर म्हणजे काकूंचा जीव होता, आणि तो म्हातारा झाला होता. जुन्या विंडोजवर आता काही उघडायचं नाही. पुण्याच्या मुलाचा व्हिडिओ कॉल नाही, बँक नाही. आणि काकांना भलतीच एक आशा लागली होती. मी एकदा एका उर्दू कागदाचा फोटो माझ्या लॅपटॉपवर मोठा करून दाखवला होता. एकेक अक्षर तळहाताएवढं. काकांनी मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं ती ओळ वाचली. सगळी वाचली. मग कितीतरी वेळ लॅपटॉपच्या कडेला हात लावून बसले.

मुलगा चांगला होता. त्यानं पहिल्यांदा दुकानातल्या माणसाकडून जुन्यावरच नवीन विंडोज टाकून घेतलं. अकराला काकू आल्या, तर पोराचा फोटो नाही, कानाजवळचं चित्र नाही. काकू पर्स घेऊन तीन दिवस घरभर फिरल्या. "माझी बदली झाली का हो? कुठं झाली?" चौथ्या दिवशी नवीन काढून खालचं जुनं होतं तसं परत आणलं. मग मुलानं नवा लॅपटॉप आणला आणि टेबलावर ठेवला. तो दुसऱ्या दिवशी गायब. आठवडाभर शोधला. शेवटी तांदळाच्या डब्यात सापडला, तांदळाच्या खाली. काकूंनी शांतपणे सांगितलं, "डेडस्टॉक रजिस्टरला नोंद नाही. बाहेरची वस्तू टेबलावर चालायची नाही. स्टोअरला जमा केली." काका मला म्हणाले, "नियमानं बरोबर आहे तिचं." लॅपटॉप पुण्याला परत गेला.

तेव्हा मी म्हटलं, "काका, एकाच कॉम्प्युटरवर दोन सिस्टीम बसवता येतात. काकूंची आहे तशी राहील, तिला हात लावायचा नाही. उरलेल्या जागेत तुमच्यासाठी लिनक्स टाकू. नवीन, फुकट, आणि जुन्या मशीनवर पण पळतं."

"उरलेली जागा म्हणजे?"

"आतली डिस्क असते ना, तिचे दोन भाग करायचे."

काका ताठ बसले. "म्हणजे फाळणी."

"व्हय. तसंच."

"मग रीतीनं करू."

रीत म्हणजे काय ते मला कुठं माहीत? मला वाटलं होतं, रविवारी दोन तासांचं काम. काका म्हणाले, फाळणीआधी हिस्सेदाराला नोटीस द्यावी लागते, पंधरा दिवसांची. हिस्सेदार कोण, तर काकू. आणि नोटीस टाईप कोण करणार, तर काकूच. त्यांनी मसुदा पुढं ठेवला. काकूंनी टाईप करत करत स्वतःचं पूर्ण नाव टाईप केलं आणि थांबल्या.

"साहेब, ह्या बाईंचं नाव माझ्यासारखंच आहे."

"हौ," काका म्हणाले. "असतं एखाद्याचं."

"बिचारीची जमीन जायची नाही ना?"

"तिची एक इंच जायची नाही, बाई. मी स्वतः मोजतोय."

काकूंनी मान हलवली आणि पुढची ओळ घेतली. मी तिथून उठून वर गेले. मला बघवलं नाही.

पंधरा दिवस आम्ही खरोखर थांबलो. काकांनी दोघांच्या हिश्शांना नावं देऊन टाकली. गट नंबर एक काकूंचा, गट नंबर दोन स्वतःचा. आणि वाटणी अर्धी-अर्धी. मी म्हटलं, काकूंच्या सिस्टीमला एवढी जागा लागत नाही. ते म्हणाले, लागण्याचा प्रश्नच नाही, हिस्सा म्हणजे हिस्सा. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "गट एकची नक्कल घेतली का? नक्कल हातात असल्याशिवाय मोजणीला उभं राहायचं नाही."

"घेतली," मी म्हटलं.

घेतली नव्हती. सुरू केली होती, पण जुनं मशीन, रटाळ वेग, आणि मला क्लासच्या बॅचला पोचायचं होतं. मधेच बंद करून निघाले. मनात म्हटलं, शंभर वेळा केलंय हे काम, काय होतंय. माझा स्वभाव असाच घाईचा, आई अजूनही त्यावरून बोलते.

रविवारी सकाळी आठला मोजणी सुरू झाली. पंच दोन, एक मी आणि दुसरे इस्त्रीवाले चाचा. चाचांनी पडद्याकडं बघितलं, "मेरे कू कुछ समझा नहीं" म्हणाले, सही केली, चहा प्यायला आणि गेले. मी पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून डिस्कचे दोन भाग केले. पडद्यावर दोन ओळी आल्या आणि प्रत्येक ओळीपुढं तो भाग कुठून कुठपर्यंत आहे त्याचे लांबलचक आकडे. काका म्हणाले, "थांब. हद्दी सांग."

"काका, हे आकडे कुणी लिहीत नसतं. मशीन ठेवतं लक्षात."

"तू सांग."

मी एकेक अंक वाचला. ते डोळ्याच्या कडेनं बघत पेन्सिलीनं टिपणवहीत लिहीत होते. मग त्यांनी वाचून दाखवला, मी पडताळला. मग अक्षरी. पाऊण तास गेला. माझा पाय टेबलाखाली नुसता हलत होता. लिहून झालं, काका वही ठेवायला आत गेले आणि मी कामाला भिडले.

गट दोनची ओळ पुसून तिथं नव्या सिस्टीमसाठी जागा आखायची होती. दोन्ही ओळी सारख्याच, कारण हिस्सा अर्धा-अर्धा. मी ओळ निवडली. मशीननं विचारलं, नक्की का? मी न वाचता हो म्हटलं. आणि पडद्यावर जी ओळ उरली ती गट दोनची होती.

मी गट एक पुसला होता.

पेनड्राइव्ह काढून कॉम्प्युटर परत चालू करून बघितला. काळा पडदा, वर एक पांढरी ओळ, काहीच सापडत नाही म्हणणारी. पोराचा फोटो नाही, काही नाही. घड्याळात पावणेअकरा, आणि आतून साडीच्या निऱ्यांचा आवाज येत होता. मला डोळ्यांसमोर दिसत होतं, काकू पर्स घेऊन घरभर फिरतायत, आणि ह्या वेळी चौथा दिवस येणार नाही. जुनं विंडोज कुठूनही मिळालं असतं. पण ते टायपिंग आता कुठं मिळत नव्हतं, आणि त्याशिवाय काकूंना ऑफिस नव्हतं, आणि ऑफिसाशिवाय काकांना काकू.

काका आले. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. "काका, चुकून काकूंचा भाग पुसला गेला. आणि नक्कल नाय माझ्याकडं. काल खोटं बोलले मी."

काकांनी वाकून काळा पडदा बघितला. मग म्हणाले, "मोजणीत खोटं बोलणाऱ्याला मी बांधावर उभं राहू देत नसे."

मला रडूच फुटलं. तेवढ्यात काकू दारात आल्या, पिन लावलेल्या, पर्स हातात. काका गर्रकन वळले आणि एकदम कचेरीच्या आवाजात म्हणाले, "बाई, आज ऑफिस बंद. कलेक्टर साहेबांनी स्थानिक सुट्टी दिली आहे."

काकूंनी त्यांच्याकडं बघितलं. "आदेश दाखवा."

तीस वर्षांची नोकरी, ती काय तोंडी ऐकणार? काकांनी कागद ओढला आणि उभ्यानं आदेश लिहिला. विषय, संदर्भ, दिनांक अंकी आणि अक्षरी, खाली सही. काकूंनी कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि आत गेल्या.

काका माझ्याकडं वळले. "आता नीट सांग. जमीन गेली की नोंद गेली?"

"म्हणजे?"

"आत जे होतं ते पुसलं, का ते कुठून कुठपर्यंत आहे एवढंच पुसलं?"

मी डोळे पुसत विचार केला. इतका वेळ मी विचारच केला नव्हता, नुसती घाबरले होते. "नोंद गेली, काका. आतलं सगळं जागेवर असेल. पण हद्द अगदी बरोबर सांगितली तरच मशीनला ते दिसेल. एक अंक चुकला तरी नाय."

"मग रडते कशाला?" काका म्हणाले आणि आत जाऊन टिपणवही घेऊन आले.

मी पेनड्राइव्हवरून मशीन परत चालू केलं. पेन्सिलीचे आकडे, कमी दिसणाऱ्या माणसाचे. एक अंक तीन होता का आठ, मला कळेना. काकांना तर तो लागतच नव्हता. मी खालची ओळ वाचली. तिथं अक्षरी "आठ" लिहिलेलं होतं. मी आठ टाकला. सगळे आकडे टाकले, एकेक मोठ्यानं वाचून, आणि काकांनी प्रत्येक आकड्याला "हौ" म्हटलं. ह्या वेळी मशीननं विचारलेला प्रश्न मी तीनदा वाचला. मग कॉम्प्युटर परत चालू केला.

पोरगं आलं. वेरूळच्या उन्हात डोळे बारीक करून. डाव्या कानाजवळ चित्र होतं.

काका खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी वही छातीशी धरून राहिले. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाले, "आधी नक्कल घे." मी घेतली. तीन तास लागले, पण शेवटपर्यंत हलले नाही.

मधेच त्यांनी आत जाऊन काकूंना सांगितलं की सुट्टी रद्द झाली, ऑफिस सुरू आहे. काकू म्हणाल्या, "आता शक्य नाही. आदेश निघालाय." आणि मग, दोन वर्षांत जे म्हणाल्या नव्हत्या ते म्हणाल्या. "अहो, सुट्टीच आहे तर गुलमंडीच्या बाजारात जाऊन येऊ का? साडीला फॉल घ्यायचाय."

घरात, ऑफिसाच्या बाहेर, "अहो". मी बाहेरून ऐकलं. काका चप्पल शोधायला लागले. रिक्षा मीच बोलावली. दोघं गेली, फॉल घेतला, इमरती खाल्ली आणि काकू परत येईपर्यंत सगळं विसरल्या. काकांनी मात्र ते वहीत लिहिलं. त्यानंतर कलेक्टर साहेब दर महिन्याला एक स्थानिक सुट्टी द्यायला लागले.

दुपारी मी गट दोनमध्ये लिनक्स बसवलं. दोन सिस्टीम असल्या की मशीन चालू होताना आधी एक काळी पाटी येते, तिच्यावर दोन ओळी, आणि दहा सेकंद मोजले जातात. कुणी काही दाबलं नाही तर वर ज्याचं नाव त्याची सिस्टीम आपोआप उघडते. मी म्हटलं, "तुमची वर ठेवते. रोज जास्त काम तिच्यातच राहील."

"नाही. वर गट एक."

"मग तुम्हाला दर वेळी दहा सेकंदांच्या आत बटण दाबावं लागेल. दिसत पण नाही तुम्हाला धड."

"दाबीन की. तिला काही विचारायचं नाही, काही निवडायला लावायचं नाही. आणि एखाद्या दिवशी मी नसलो तर तिचं अडायला नको."

मला वाटलं, अंघोळीला-बिंघोळीला गेले असतील त्याबद्दल बोलतायत. मी गट एक वर ठेवला.

मग रोज एक वाजता काकूंचं ऑफिस सुटलं की काका तिथं बसायचे. मशीन परत चालू करायचे, दहा, नऊ, आठ मोठ्यानं मोजायचे आणि सातला बटण दाबायचे. कधी सहाला नाही की आठला नाही. मग लोकांनी पाठवलेले उर्दू कागद पडदाभर मोठे करून ते तिरक्या मानेनं वाचायचे, खणखणीत. मी वर खोलीत ऐकत भाकरी थापायची.

पुढं मला जालन्याला नोकरी लागली. खोली सोडताना मी काकांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी मला टिपणवही दिली. कोरी. पहिल्या पानावर त्यांनी माझ्या नव्या खोलीची चतुःसीमा लिहून घेतली होती, मला विचारून विचारून.

काका गेल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं. झोपेत गेले. मला तेव्हा जाता आलं नाही, दीड महिन्यानं गेले. काकूंना पुण्याला नेलं होतं, पण तिथं त्या जेवेनात, म्हणून परत आणलं होतं. सोबतीला दिवसरात्र एक मावशी होत्या, आणि मुलगा दर शुक्रवारी यायचा.

मी पोचले तेव्हा अकराला पाच कमी होते. काकू आल्या. साडी, पिन, पर्स. मला बघून म्हणाल्या, "रजेवर होतीस का गं?"

"व्हय बाई. लांबली जरा."

त्यांनी बटण दाबलं. काळी पाटी आली, दोन ओळी. मी मागं उभी होते. दहा, नऊ, आठ. सातला माझा हात आपोआप उचलला गेला आणि मी तो परत खाली घेतला. पाच. तीन. एक. पोराचा फोटो आला, कानाजवळ चित्र. काकूंना काही विचारलं गेलं नाही, काही दाबावं लागलं नाही. त्यांची बोटं सुरू झाली. मावशींनी जुन्या फायलीतला काकांच्या हातचा एक मसुदा पुढं ठेवला होता. त्या रोज एक ठेवायच्या.

एक कागद छापून काकूंनी ट्रेमध्ये ठेवला. ट्रे काठोकाठ भरला होता. सगळ्या नोटिशी, आणि एकीवरही सही नाही.

"साहेब कुठं गेलेत?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"मोजणीला," काकू म्हणाल्या. "लांबचं गाव आहे. दिवस लागतील." मग त्यांना ट्रेची काळजी लागली. "हे सगळं असं पडून राहिलंय बघ. लोक वाट बघत असतील. साहेब दौऱ्यावर असले की चालतं. तू कर सही. खाली 'करिता' लिही आणि कर."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. वरचा पहिला कागद घेतला, शेवटपर्यंत वाचला. गट नंबर, दिनांक, क्षेत्र, अंकी आणि अक्षरी दोन्ही पडताळलं. मग खाली "करिता" लिहून सही केली. मग दुसरा घेतला. काकू टाईप करत होत्या आणि अधूनमधून माझ्याकडं बघत होत्या, मी न वाचता सही तर करत नाही ना म्हणून. एक वाजला तेव्हा ट्रेमधले सगळे कागद झाले होते.